मध्यरात्रीचा बाजार आणि त्याची सिद्धता

६ ऑक्टोबर २०१४ रोजी, सोमवारी सकाळी ८ वाजता, फ्लिपकार्ट या कंपनीने एका दिवसाची महाविक्री सुरू केली आणि थोड्याच वेळात तिचे संकेतस्थळ कोलमडले. ज्यांना आत प्रवेश मिळाला त्यांतील अनेकांना हवी ती वस्तू संपल्याचा शेरा वाचावा लागला. काहींच्या नोंदवलेल्या मागण्या मागाहून रद्द झाल्या. किमती आधी चढवून मग त्यांवर सूट दाखवली, अशीही तक्रार झाली. दुसऱ्या दिवशी सचिन बन्सल व बिनी बन्सल या संस्थापकांनी ग्राहकांना पत्र पाठवून क्षमा मागितली. आपण सुमारे ५,००० सर्व्हर उभे केले होते, वर्दळ वीसपट वाढेल असे धरून तयारी केली होती, परंतु प्रत्यक्षातील वर्दळ त्याहूनही फार मोठी निघाली, असा खुलासा त्या पत्रात होता. अवघ्या दहा तासांत १० कोटी डॉलरची, म्हणजे सुमारे ६०० कोटी रुपयांची विक्री झाल्याचेही कंपनीने त्याच सुमारास जाहीर केले होते. क्षमायाचना आणि विजयघोष एकाच श्वासात झालेले पाहून कोणास गंमत वाटली असेल. परंतु या धंद्याचे अर्थशास्त्र समजून घेण्यास त्या दोन वाक्यांइतके उपयुक्त साधन दुसरे नाही.

त्यानंतर दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आधी ऑनलाइन दुकानांच्या 'तयारी'ची वर्णने प्रसिद्ध होत असतात. किती सर्व्हर वाढवले, किती गोदामे उघडली, किती हजार हंगामी हात कामाला लावले, याचे आकडे कंपन्या स्वतःच देतात, आणि एखाद्या धरणाच्या उद्घाटनाचे वृत्त वाचावे तशा कौतुकाने ते वाचले जातात. गर्दी येणार, ती पेलली पाहिजे, ती पेलण्याचे शास्त्र अभियंत्यांपाशी आहे, असा हा सरळ हिशेब. ही गर्दी येते कोठून, आणि ती पेलण्याचा खर्च शेवटी कोणाच्या नावे पडतो, हे दोन प्रश्न त्यात बाजूला राहतात. ते अभियांत्रिकीचे नाहीत, हे त्याचे कारण असावे.

अभियंत्यांचे श्रेय नाकारण्याचे अर्थातच कारण नाही. त्यांच्यापुढील प्रश्न कठीण आहे आणि तो जुनाही आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये त्याची पहिली शास्त्रशुद्ध मांडणी केली. लोक आपल्या सोयीने, कसलाही नियम न पाळता फोन करतात. मग केंद्रात तारा किती ठेवाव्यात? या विचारातून पुढे रांगांचे गणित विकसित झाले. त्यातला एक निष्कर्ष सामान्य वाचकालाही चकित करील. एकच खिडकी आहे, गिऱ्हाइके कशीही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त आहे, असे समजा. खिडकी क्षमतेच्या ८० टक्के कामात असेल तर तिच्यापाशी सरासरी चार माणसे असतात. काम ९० टक्क्यांवर गेले की नऊ, ९५ टक्क्यांवर एकोणीस आणि ९९ टक्क्यांवर नव्याण्णव. म्हणजे काम जेमतेम चतुर्थांशाने वाढले आणि रांग पंचवीसपट झाली! दुकान 'अचानक' कोलमडले असे जे वाटते त्याचे रहस्य हेच. ते अचानक नसते. शेवटच्या चार पायऱ्या फार उंच असतात, इतकेच.

त्यात माणसाच्या स्वभावाची भर पडते. दार उघडले नाही की माणूस पुन्हा ठोठावतो. दहा जण चार-चार वेळा ठोठावू लागले की आतल्याला चाळीस जण आल्याचा भास होतो आणि तो आणखी संथ होतो. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयची देशव्यापी सेवा काही तास विस्कळीत झाली, तेव्हा व्यवहार पूर्ण झाला की नाही याची काही बँकांनी यंत्रणेकडे चालवलेली वारंवार विचारणा हे तिचे एक कारण असल्याचे निष्पन्न झाले. पैसे देणाऱ्यांपेक्षा पैसे पोचले का हे विचारणाऱ्यांनीच रस्ता अडवला होता. १ ऑगस्ट २०२५ पासून शिल्लक पाहण्यावर एका ॲपमागे दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली, ती याच अनुभवानंतर.

या सर्वांवरचे उपाय, नवी नावे बाजूला ठेवली तर, मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. दिवाळीच्या आठवड्यात पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरचा किंवा दादरचा कापडदुकानदार गर्दी हाताबाहेर जाऊ लागली की शटर अर्धे खाली ओढतो आणि आतली चार गिऱ्हाइके बाहेर पडली की बाहेरची चार आत घेतो. ऑनलाइन दुकानातील प्रतीक्षाकक्ष तो हाच. त्या आठवड्यात तो ठाण उलगडून दाखवत बसत नाही, जास्त खपणारा माल हाताशी ठेवतो. ऑनलाइन दुकानही त्या रात्री शिफारशी, परीक्षणे असली हौस बंद ठेवते आणि ज्या पानांची मागणी सर्वाधिक ती आधीच तयार करून ठेवते. सणापूर्वी काही दिवस यंत्रणेत कोणताही बदल करावयाचा नाही हा नियम म्हणजे ऐन लग्नघाईत घराला रंग काढू नये हे शहाणपण.

येथे भारतीय तार खात्याची आठवण होणे साहजिक आहे. सणासुदीला शुभेच्छांच्या तारांचा पूर येई. तो पेलण्यासाठी खात्याने ठरावीक शुभेच्छावाक्यांना क्रमांक देऊन ठेवले होते. पाठवणाऱ्याने क्रमांक निवडावयाचा, तारेतून तेवढा क्रमांक जावयाचा आणि पोचत्या ठिकाणी त्याचे वाक्य होऊन ते घरी जावयाचे. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छांना त्या यादीत पहिला क्रमांक होता. तार खाते २०१३ च्या जुलैत बंद झाले. त्याची ही युक्ती मात्र आज प्रत्येक मोठ्या संकेतस्थळाच्या पोटात वेगळ्या नावाने काम करीत आहे.

गर्दी बोलावणारा कोण?

तार खात्याची गर्दी आणि आजची गर्दी यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. दिवाळीच्या शुभेच्छा दिवाळीलाच पाठवायच्या असतात. ती गर्दी समाजाच्या चालीरीतींतून येई आणि खात्याला ती सोसावी लागे. दूरचित्रवाणी संच किंवा मिक्सर अमुक तारखेच्या मध्यरात्री बारालाच विकत घ्यावा, अशी कोणत्याही शास्त्राची आज्ञा नाही. ती वेळ दुकानाने ठरवलेली असते. त्या घटकेपूर्वी किंमत जास्त, त्या घटकेला कमी आणि माल मोजका, अशी योजना केली की लोक एकाच क्षणी दाराशी येणारच. मग त्यांच्यासाठी हजारो सर्व्हर उभारावयाचे आणि त्याला तयारी म्हणावयाचे!

अर्थशास्त्रातील एका प्रस्थापित विचाराच्या हे थेट विरुद्ध आहे. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीतील अर्थतज्ज्ञ मार्सेल ब्वातो यांनी १९४९ मध्ये असे दाखवून दिले की, जी क्षमता केवळ सर्वाधिक मागणीच्या काही तासांसाठी उभारावी लागते तिचा भार त्याच तासांच्या ग्राहकांवर टाकणे न्याय्य आणि काटकसरीचे असते. संध्याकाळची वीज महाग आणि आडवेळेची स्वस्त ठेवली की मागणी पसरते व नव्या वीजकेंद्राची गरज लांबते. दिवाळीच्या हंगामात एस. टी.ची भाडेवाढ करण्याची प्रथा याच तर्कावर उभी आहे, प्रवाशांना ती कितीही झोंबो. ऑनलाइन दुकान याच्या नेमके उलट करते. क्षमता जेव्हा सर्वांत अपुरी तेव्हाच दर सर्वांत कमी!

एवढी मोठी माणसे हिशेबात चुकत असतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. गर्दी हीच त्यांची जाहिरात आहे. 'दहा तासांत इतके कोटी' हा आकडा ग्राहकासाठी नसतो. तो भांडवल पुरवणाऱ्यांसाठी असतो, आणि तो डोळ्यांत भरावा म्हणून वर्षभराची मागणी एका रात्रीत कोंबावी लागते. चीनमधील अलिबाबा कंपनीने ११ नोव्हेंबरचा विक्रीदिन २००९ मध्ये सुरू केला. २०१९ मध्ये त्या एका दिवसाची उलाढाल २६८ अब्ज युआनवर गेली आणि ऐन घटकेला सेकंदाला ५,४४,००० मागण्या नोंदवल्या गेल्या. वर्षानुवर्षे हा आकडा एखाद्या क्रीडाविक्रमासारखा भव्य पडद्यावर झळकत असे. २०२२ पासून कंपनीने एकूण आकडा सांगणेच सोडून दिले. तत्पूर्वी, २०२० मध्येच, एका दिवसाची विक्री दोन टप्प्यांत विभागली गेली होती. आपल्याकडे फ्लिपकार्टनेही २०१४ च्या फजितीनंतर लगेच, १३ ते १७ ऑक्टोबर २०१५ असे पाच दिवस विक्री ठेवली आणि निरनिराळ्या प्रकारचा माल निरनिराळ्या दिवशी काढला. सर्व्हर किती वाढवले त्यापेक्षा या साध्या वाटणीने अधिक काम केले असावे. रेल्वेनेही १५ जून २०१५ पासून तत्काळ आरक्षणाची वेळ वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० आणि इतरांसाठी ११ अशी तोडली, ती याच विचाराने. तात्पर्य, गर्दी पसरवता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. किती पसरवावयाची हा मात्र मर्जीचा प्रश्न आहे.

ही मर्जी चालवण्याची सत्ता लहान नाही. परकी भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्यांच्या दरांवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव पाडू नये, असे केंद्र सरकारने मार्च २०१६ च्या धोरणात स्पष्ट केले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून त्या अटी अधिक कडक झाल्या. कागदोपत्री दर विक्रेत्याच्या हाती आहे. मुहूर्त मात्र बाजारपेठेच्या हाती राहिला, आणि व्यापारात मुहूर्त ज्याच्या हाती त्याला दराची चिंता फारशी करावी लागत नाही. सोलापुरी चादरी विकणाऱ्या एखाद्या लहान व्यापाऱ्याला महाविक्रीत भाग घ्यावयाचा असेल तर त्याने माल आधी उसनवारीने भरावयाचा, तो दूरच्या गोदामात नेऊन ठेवावयाचा, सूट आपल्या नफ्यातून द्यावयाची, आणि दिवाळी आटोपल्यावर परत आलेल्या चादरींच्या घड्या घालीत बसावयाचे. भाग घेतला नाही तर त्या पंधरवड्यात त्याचा माल शोधणाऱ्याच्या पडद्यावर कोठे तरी तळाशी जाणार. स्वातंत्र्य आहे, पण उपाशी राहण्याचे.

लोकांच्या सवयी या मुहूर्ताला किती अडवतात, हे पाहणेही उद्बोधक आहे. पितृपक्षात नवी खरेदी टाळण्याचा रिवाज अजून बऱ्याच घरांत पाळला जातो. २०२४ मध्ये मोठ्या दुकानांनी पितृपक्ष चालू असतानाच, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विक्री सुरू केली. पंचांगाची भीड कोणी धरली नाही. २०२५ मध्ये वेगळाच योग आला. वस्तू व सेवा कराचे दर उतरणार हे ऑगस्टमध्येच कळले होते, आणि नवे दर घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, लागू झाले. मोठे दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. पितरांच्या पंधरवड्याने आणि अर्थमंत्र्यांच्या घोषणेने मिळून मागणी धरून ठेवली, आणि त्याच दोन दिवसांत मोठ्या दुकानांच्या विक्रीची दारे उघडली. बांध घालून पाणी साठवावे आणि मग दरवाजे एकदम वर करावेत, तसा हा प्रकार होता. त्या ऑक्टोबरात यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले आणि यंत्रणा तगली. अभियंत्यांची पाठ थोपटावी अशीच ही गोष्ट आहे.

सर्व्हर थकत नाहीत

यंत्रे तगली, पुढे काय? पडद्यावरची मागणी सेकंदात नोंदली जाते, पण मिक्सर काही तारेतून जात नाही. तो भिवंडीच्या एखाद्या गोदामातील फळीवरून कोणी तरी उतरवावा लागतो, खोक्यात भरावा लागतो आणि चौथ्या मजल्यावर नेऊन द्यावा लागतो. सर्व्हर तासाच्या भाड्याने घेता येतात आणि काम संपले की परत करता येतात. माणसेही तशीच घेतली व परत केली जातात, एवढेच या तयारीतील साम्य. फरक असा की, परत केलेल्या सर्व्हरला कार्तिक महिन्यात घरभाडे द्यावे लागत नाही.

मागणीच्या शिखराचा भार कोठे तरी पडतोच. तो दरावर पडू दिला नाही, ग्राहकाला थांबू दिले नाही आणि यंत्राला कोसळू दिले नाही, तर उरतो तो माणसाचा वेग. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हरियाणातील मानेसर येथील एका गोदामासंबंधीच्या वृत्ताची स्वतःहून दखल घेतली. सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिण्यास वा प्रसाधनगृहात जाण्यास उठणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यावयास लावल्याचा आरोप त्या वृत्तात होता. तो काळ ऐन उन्हाळ्याचा होता, सणाचा नव्हता. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. जादा कामाचे दाम दुप्पट आहेत, कामगाराची संमती आवश्यक आहे, असे त्याचे समर्थन केले जाते. महिनाभरासाठी ठेकेदारामार्फत आलेला मुलगा संमती नाकारील, अशी कल्पना करण्यास बरीच प्रतिभा लागते.

ग्राहकाचे हित त्या मानाने अधिक जपले गेले आहे. २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण महिन्यात व्हावयास हवे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार सांगितले आहेत आणि 'आता दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई लावणे हा त्यांत मोडतो. अंमलबजावणी कितपत होते हे दिवाळीत कोणीही आपल्या हातातील पडद्यावर पडताळून पाहावे.

हंगामी आणि अनिश्चित श्रमाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. किंबहुना तो सोडवण्याचा एक अत्यंत मौलिक प्रयोग येथेच झाला. मुंबईच्या बाजारांतील हमालाचा दिवस असाच असे. माल आला तर पाठीवर ओझे, नाही आला तर पोटात काही नाही. आणि मालक कोण, याचे उत्तर कोणी देत नसे, कारण सकाळी एकाचे पोते आणि दुपारी दुसऱ्याचे. अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने या कामगारांना एका मालकाच्या गळ्यात बांधण्याचा खटाटोप केला नाही. कामगारांची व मालकांची नोंद एका मंडळाकडे केली. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरावयाची. मंडळाने मजुरी वाटावयाची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधोपचार यांची सोय करावयाची. एका व्यापाऱ्याचे काम चढते तेव्हा दुसऱ्याचे उतरलेले असते, हे ओळखून चढउताराचा भार सर्वांत मिळून वाटला. ब्वातो यांचा सिद्धांत तो कायदा करणाऱ्यांनी वाचला असेल वा नसेल. क्षमतेचा भार तिचा लाभ घेणाऱ्यावर टाकावा, हे तत्त्व त्यांनी पोत्यामागे लेव्ही लावून अमलात आणले. मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, माथाडींच्या नावाखाली खंडणी उकळणारेही निघाले. परंतु त्यामुळे मूळ कल्पनेचे मोल उणावत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कल्पनेची अंधुक छाया दिसते. ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, कामगारांना द्यावयाच्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, निधीला द्यावी, अशी तीत तरतूद आहे. पण ही वर्गणी वर्षाच्या एकूण उलाढालीवर आहे, शिखरावर नाही. बारा महिने शांतपणे माल पोचवणारी कंपनी आणि एका पंधरवड्यात सगळे कोंबणारी कंपनी यांत ती भेद करीत नाही. सणाच्या त्या तीन-चार आठवड्यांतील प्रत्येक पोचवणुकीवर वेगळी, चढ्या दराची लेव्ही लावली, तर गर्दी बोलावणाऱ्याला तिची किंमत प्रथमच मोजावी लागेल, आणि मग कदाचित दोन दिवस उशिरा माल घेणाऱ्या ग्राहकास सूट देण्याची बुद्धीही त्याला होईल. परदेशांत काही दुकाने सावकाश पोचणारा माल स्वीकारणाऱ्यास असे लहानसे बक्षीस देतात. ते येथे अशक्य असण्याचे कारण दिसत नाही. ग्राहकांतील बहुसंख्य लोक मिक्सरसाठी दोन दिवस आनंदाने थांबतील. 

तूर्त चित्र निराळे आहे. संहितेखालील मसुदा नियम डिसेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यांनुसार लाभास पात्र होण्यासाठी वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम केलेले असावे लागेल. २०२५ च्या सणात घटस्थापनेला कामावर घेतलेल्या आणि भाऊबीजेला मोकळ्या केलेल्या मुलाने या काळात एकही सुट्टी घेतली नाही असे धरले, तरी त्याच्या नावावर ३२ दिवस जमा होतात.